तापीच्या फुगवट्यावर, ओल्या पोत्यांच्या नावेतून

“दाबू नको रे बापू. पाणी राहू दे त्याच्यात,” अक्का म्हणाली.

मी पोतं पिळायला घेतलं होतं. थांबलो. ते तसंच निथळत सुपडूकडे दिलं. त्याने ते बांबूच्या कमानीवर टाकलं आणि दाभणाने शेजारच्या पोत्याला टाचलं. पाण्याचे ओघळ नावेच्या डांबरावरून खाली निघाले आणि अर्ध्यातच वाळले. सकाळ अजून पुरती वर आली नव्हती.

नावेच्या तळाला आम्ही केळीची सोपटं अंथरली होती. घड कापून झाल्यावर केळीचा खांब उभा चिरला की आत पाण्याने भरलेले थर निघतात, हाताला गार लागतात. रावेरकडे केळीला तोटा नाही, त्यामुळे ती फुकट मिळाली. भुऱ्याने सोपटांवर पाय ठेवला, वास घेतला आणि आडवा झाला.

“पाह्य, त्याले समजलं,” अक्का म्हणाली.

भुऱ्या म्हणजे अक्काचा कुत्रा. मातकट रंगाचा, कानाची कड फाटलेली, म्हातारा. अक्का माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यावर तापीकाठच्या त्या गावात ती आणि भुऱ्या दोघेच राहत होते. तिचा मुलगा दिलीप धुळ्याला नोकरीला. त्याने बरेच उन्हाळे बोलावलं आणि शेवटी ती हो म्हणाली. एकच अट घातली, भुऱ्या बरोबर येईल. नाहीतर ती येणार नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट आहे. तेव्हा मी अमळनेरला नोकरीला होतो. अक्काला पोचवायला सुट्टी काढून गेलो होतो. एसटीत कुत्रं घेत नव्हते. रेल्वेत गार्डाच्या डब्यातल्या लोखंडी खोक्यात घेत. अक्का भुसावळ स्टेशनवर जाऊन त्या खोक्याला हात लावून आली होती. हात भाजला, एवढंच तिने मला सांगितलं. राहिली जीप. लग्नसराई होती, जीप मिळत नव्हती. पारोळ्याचा भिका नावाचा एक ड्रायव्हर तयार झाला, पण वऱ्हाड सोडून संध्याकाळी तो फक्त हतनूर धरणापर्यंत येणार होता. गावापासून धरणापर्यंत पाणीच होतं. म्हणून नाव.

नावेचे चाळीस रुपये ठरले. नाव सुपडूची. तो मासेमारी करायचा, अक्काच्या गल्लीतला. छप्पर त्याने कधी केलं नव्हतं. उन्हात डोक्याला ओला पंचा, फार झालं तर छत्री.

“अक्का, हा तुमचा महाल माह्या बायकोनं पाह्यला तं ती घरी यायची नाही,” तो पोती टाचताना म्हणाला.

“तिले म्हणा, दुपारी ये. जागा हाये.”

“तिले नका बोलावू. मी उन्हात, ती महालात. मंग मले वल्हं पण उचलवणार नाही.”

छपराची सगळी कल्पना अक्काची होती. तिचं घर गल्लीत सगळ्यांत गार असे. पश्चिमेच्या दारावर आणि दोन्ही खिडक्यांवर ती बारदान लावायची आणि तासातासाने तांब्याने पाणी मारायची. बाहेर झळा सुटलेल्या असायच्या, आणि आत पायाखालची फरशी थंड. दुपारी शेजारच्या बायका सूप-चाळण घेऊन तिच्याकडे येऊन बसायच्या. मीही लहानपणी आईच्या घरी हेच पाहिलं होतं. खानदेशात ज्याच्या घरी पोतं आणि पाणी आहे, त्याला उन्हाळा कसा काढायचा हे शिकवावं लागत नाही. म्हणून कोणी काही विचारलं नाही. सुपडूनेही नाही.

निघायला उशीर झाला. बायका काठावर आल्या होत्या. एकीने अक्काच्या ओटीत कांदा टाकला, उन्हासाठी. एकीने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. दोन ट्रंका, वळकटी, भांड्यांचं पोतं पुढच्या टोकाला गेलं. अक्काने घराच्या किल्ल्या शेजारणीला दिल्या आणि मागे न बघता नावेत चढली.

पहिले दोन तास चांगले गेले. हे लिहायला हवं, कारण फुगवट्यावरून जाण्यासारखं दुसरं सुख त्या भागात नाही. धरणाने तापी इथे रुंद केली आहे. काठाला केळीच्या बागा पाण्यापर्यंत उतरतात. बगळे, मधूनच एखादं बुडालेल्या बाभळीचं टोक. पश्चिमेकडून वारा येत होता, गरम, पण ओल्या पोत्यातून आत शिरताना गार होत होता. अक्का आणि भुऱ्या छपराखाली. मी कधी आत, कधी बाहेर. माझं काम डब्याने नदीतलं पाणी काढून पोत्यांवर मारायचं. आम्ही भाकरी खाल्ली, ताक प्यालो. माठाला ओलं फडकं गुंडाळलं होतं, पाणी दातांना लागत होतं. भुऱ्याने अक्काच्या हातून भाकरीचा तुकडा घेतला.

“धुयाले गेल्यावर तुले गच्चीवर झोपायचं हाये,” अक्का त्याला सांगत होती. “अठल्यासारखं हिंडायचं नाही. तठी गाड्या असतात.”

दुपारी वारा पडला.

पडला म्हणजे थांबला नाही, नाहीसाच झाला. पाणी ताटासारखं झालं. उजेड वरून येत होता तितकाच खालून. सुपडूने वल्हं थांबवून डोक्यावर पाणी ओतलं. नावेचं डांबर मऊ झालं होतं, बोट उमटत होतं.

“बापू, बाजूची पोती खाली सोड,” अक्का आतून म्हणाली. “पाण्यावरून ऊन येऊन राह्यलं.”

मी दोन्ही बाजू सोडल्या. मग तिने पुढची आणि मागची बाजूही बंद करायला लावली. सुपडूने सुतळीने कडा बांधल्या. आता आत हिरवट अंधार झाला, केळीचा आणि बारदानाचा वास. घरीही ती असंच करायची, ऊन वाढलं की बंद. मी पाणी मारत राहिलो.

थोड्या वेळाने भुऱ्याचं धापणं ऐकू यायला लागलं. कुत्रं उन्हाळ्यात धापतंच. पण हा आवाज लहान आणि फार भराभर होता, करवतीसारखा.

“त्याले गरम व्हतंय. पाणी वाढव,” अक्का म्हणाली.

मी वाढवलं. आत तिने सोपटांवर पाणी ओतलं, भुऱ्याच्या पाठीवर ओतलं, आपला पदर भिजवून त्याच्या डोक्यावर घातला. धापणं वाढलं. तिने आणखी पाणी मागितलं. मी दिलं. सुपडू म्हणाला, “घ्या अक्का, नदी आपलीच हाये.”

मग धापण्यात खंड पडायला लागले, आणि मी वाकून आत शिरलो. दोन गुडघ्यांवर आत गेलो आणि मला काही दिसेना. वाटलं चक्कर आली. चष्मा काढला. काचांवर वाफ धरली होती. आमच्याकडे मे महिन्यात चष्म्यावर वाफ धरल्याचं मला आठवत नाही. हवा तोंडात येत होती, पण ती हवा वाटत नव्हती. न्हाणीघरात बंब पेटवून दार लावून घेतलं की होतं तसं. अक्काचा चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. भुऱ्या आडवा, जीभ सोपटावर, जिभेचा रंग काळपट.

“अक्का, पोती वर करू.”

“ऊन येईन.”

“येऊ दे.”

“त्याले ऊन लागीन रे बापू. त्याले सोसणार नाही.”

“इथे वाराच नाही, अक्का.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात भुऱ्याच्या डोक्यावरच्या ओल्या पदरावर होता. तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. घरी तिच्या पोत्यांतून वारा जायचा. तो होता म्हणून पाणी गार व्हायचं. इथे वारा नव्हता, आणि आम्ही दोन तास त्या कुत्र्याला वाफेत ठेवलं होतं. माणसाला निदान घाम येतो. कुत्र्याकडे फक्त जीभ.

“सुपडू,” मी ओरडलो, “काप.”

जाळ्याचा सुरा त्याच्याकडे होता. त्याने बाहेरून सुतळ्या कापल्या. पोती एकेक करून पाण्यात गेली. लख्ख ऊन आत आलं. त्या उन्हात आधीपेक्षा बरं वाटलं, हे विचित्र होतं. सुपडूने भुऱ्याला दोन्ही हातांवर उचललं आणि नावेच्या कडेने मानेपर्यंत नदीत धरलं. मी पंच्याने वारा घालत होतो. अक्का त्याच्या तोंडाशी वाकून त्याचं नाव घेत होती. वरचं पाणी कोमट होतं. भुऱ्या सुपडूच्या हातात ओल्या कपड्यासारखा लोंबत होता, पण धापत होता.

धरणाच्या अलीकडच्या काठाला लागलो तेव्हा भिकाची जीप उभी होती. टपावर लग्नातल्या झेंडूच्या माळा तशाच, वाळलेल्या. तो खाली येऊन बघू लागला.

“हाई काय व्हयनं?” त्याने अहिराणीत विचारलं.

“ऊन लागलं,” सुपडू म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

भिकाने भुऱ्याच्या पापणीला बोट लावून पाहिलं. वाईट माणूस नव्हता. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

“धुयालोंग चार तास लागतीन, अक्का. गाडीना पत्रा तापेल शे. हाई कुत्रं पोचाव नही.”

“तू थांबशील का? रातपर्यंत?”

“मन्हं उद्यानं वऱ्हाड शे. सक्कायपासून शे.”

धुळ्याला दिलीप वाट बघत होता. सून जेवण करून ठेवणार होती, तसं पत्र आलं होतं.

“सामान ने,” ती म्हणाली. “दिलीपले सांग, माय उद्या येईन.”

“बठ्ठं सामान लई जास. तुम्ही काळजी करू नका.” हे शेवटचं त्याने शाळेतल्यासारखं शुद्ध बोलून दाखवलं. ट्रंका गेल्या, वळकटी गेली. जीप धुरळा उडवत भुसावळच्या रस्त्याला लागली.

आम्ही तिघे आणि भुऱ्या काठावरच्या लिंबाखाली राहिलो. उन्हं उतरल्यावर वारा आला. उशिरा, पण चांगला. अक्का भुऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि बोटाने त्याच्या जिभेवर पाणी सोडत राहिली. सुपडू परत जाऊ शकला असता. गेला नाही. विडी ओढत बाजूला बसला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “मी पण टाचलीच ना पोती.”

आता या भागात रस्ते झाले आहेत. फुगवट्यावर नाव हवी असेल तर काठच्या गावांत विचारावं, अजूनही मिळते. मे महिन्यात जाऊ नका. जायचंच असेल तर पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत काठाला लागा. छप्पर करा, पण डोक्यावर, बाजूंना नको. तळाला केळीची सोपटं घाला, ती खरोखर उपयोगी आहेत. कडेला ओलं फडकं लावायचं तर एकच, वाऱ्याच्या बाजूला, आणि समोरची बाजू सताड उघडी ठेवा. वारा पडला तर पाणी मारणं थांबवा. बरोबर कुत्रं असेल तर त्याच्या धापण्याकडे कान ठेवा आणि त्याला अंधारात बंद करू नका, कितीही ऊन असलं तरी. सोबत पंखा घ्या, साधा, ताडाचा. आमच्याकडे तोही नव्हता.

अक्का पुढे बरीच वर्षं धुळ्यात राहिली. दिलीपने तिच्या खोलीला वाळ्याचा कूलर लावला होता. ती खिडकी बंद करू द्यायची नाही. सून म्हणायची, आत्या, गार हवा बाहेर जाते. ती म्हणायची, जाऊ दे. यावर तिच्याशी कोणी वाद घालत नसे. मी अमळनेरहून जायचो तेव्हा आम्ही त्या उघड्या खिडकीशी बसून चहा घ्यायचो आणि दुसऱ्या गोष्टी बोलायचो. नावेचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. ती गेल्यावर मी हे लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुऱ्या उठला. पाय लटपटत होते, पण पाण्यापर्यंत गेला आणि बराच वेळ पाणी प्याला. अक्काने त्याला उचलून सुपडूच्या नावेत ठेवलं, उरलेली भाकरी सुपडूकडे दिली आणि सांगितलं, गावी ने, सांभाळ. नाव उघडीच होती. ती वळणाआड गेल्यावर आम्ही रस्त्यावर आलो आणि भुसावळची एसटी पकडली.