शाळेतली कुलूपबंद पेटी

डांबराच्या गोळ्यांचा वास आला, की मला काटेवाडीजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेतली लोखंडी पेटी आठवते. नव्वदच्या सुरुवातीला खडू-फळा योजनेतून ती आली होती. आत ढोलकी, भिंग, पृथ्वीचा गोल असं बरंच काही होतं. फुटलं तर जाब मुख्याध्यापकाला, म्हणजे मला द्यावा लागणार, म्हणून मी आत डांबराच्या गोळ्या टाकून ती दोन वर्षं कुलपात ठेवली. नव्या बाई रोज किल्ली मागायच्या आणि मी रोज ‘उद्या बघू’ म्हणायचो. एकदा बारामतीला मीटिंग झाल्यावर विस्तार अधिकारी मला म्हणाले, “बसा गाडीवर, तुमची शाळा बघू.” उसाच्या फडापाशीच ढोलकी ऐकू आली आणि मी खिशातली किल्ली चाचपली. अंगणात पोरं नाचत होती, पोरी भिंगातून मुंगळा बघून किंचाळत होत्या. गावातले एक तात्या पाना हातात धरून माझ्या कानाशी आले. “गुरुजी, कुलपाला हात लावला न्हाय हां! निस्ता कोयंडा काढला. बाई म्हनल्या, पोरं म्हातारी व्हायच्या आत उघडा.” ढोलकीच्या आवाजात साहेबांना काहीच कळलं नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली. “गुरुजी, पेटी वापरणारी पहिलीच शाळा बघतोय!” बाई नुसत्या हसल्या. मी म्हणालो, “मुलांसाठीच आहे ना, साहेब.” त्यांनी शेरेबुकात माझं कौतुक लिहिलं आणि पोरांत बसून स्वतः ढोलकी वाजवली. पुढे माझ्या निरोप समारंभात बाईंनीच तो शेरा मोठ्यानं वाचला, आणि टाळ्या पडल्यावर मी हात जोडले. ती पेटी बाईंनी उघडली होती, एवढं त्या दिवशी तरी मी सांगायला हवं होतं.