पौषातलं लग्न आणि रुसलेले मारुतीभाऊ

तिकोणा पेठेतल्या मारुतीभाऊंचा लग्नात रुसण्यात हात धरणारा माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. कुणाचंही लग्न असो, माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारताना भाऊंचं नाव जरा मागंपुढं झालं, की गडी मांडवाबाहेर जाऊन पाठ फिरवून उभा! मग यजमानांची धावपळ. नवरदेवाचा चुलता येणार, मामा येणार, "चला भाऊ, पोरांची चूक झाली" म्हणणार, खांद्यावर उपरणं टाकणार. आणि भाऊ "मला काय पायजे व्हय रं?" असं म्हणत पहिल्या पंगतीला जाऊन बसणार. यजमानही शहाणे, ते भाऊंच्या रुसव्याचा वेळ आधीच धरून चालायचे. भाऊंची बायको झुंबरबाई तर तोंडावर सांगायची, "आमच्या ह्यांना जिलबीपरीस मनधरणी ग्वाड लागती."

अशा माणसाच्या जिवलग मित्रानं मानपान नसलेलं लग्न काढावं, हा त्या मित्राचा धीटपणाच म्हणायचा.

मित्राचं नाव राजेंद्र. पेठेच्या बौद्धवाड्यातला. दोघांनी शाळेत एका बाकावर बसून मार खाल्ला. पुढं भाऊंनी घरची भातखाचरं धरली आणि राजेंद्र तळेगावकडच्या कारखान्यात लागला. राजेंद्रची बायको वारली, तो रिटायर झाला, मुलगा आकाश वराळ्यात फ्लॅट घेऊन राहिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी हे दोघं रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसायचे. बोलणं बेताचंच. एकानं खोकायचं, दुसऱ्यानं "औषध घे की" म्हणायचं. पण एक दिवस दुसरा आला नाही, तर पहिल्याला रात्रीची भाकरी गोड लागायची नाही.

आणि एका सकाळी शाळेच्या जुन्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजेंद्रचा मेसेज येऊन पडला. झुंबरबाईंनी तो मोठ्यानं वाचला. 'रविवारी सकाळी माझं आणि रेणुकाचं लग्न आहे. लोणावळ्यात, तिच्या घरच्या अंगणात. शेकोटी असेल, तरी स्वेटर घालून या. आहेर नको, मानपान नाही. घरून एक पदार्थ आणा, सगळे मिळून खाऊ.'

"पौषात लगीन?" भाऊ उडालेच.

"त्यांच्यात कुटं पाळत्यात पौष?"

"आन् जेवान आपलं आपुन न्यायचं? मंग लगीन हाय का सहल?"

"साठीतला नवरदेव हाय. पंगती वाढायला त्येच्याकडं पोरंटोरं हायेत व्हय?" झुंबरबाई हसून म्हणाल्या. रेणुका अंगणवाडीतून निवृत्त झालेली, बाई चांगली आणि लग्नानंतर राजेंद्र तिच्याकडंच लोणावळ्याला राहायला जाणार, हेही त्यांनी वरून ऐकवलं. बायकांना असलं सगळं कुठून कळतं देव जाणे!

पण भाऊंचं खरं दुखणं वेगळंच होतं. पौषाचं नव्हतं, जेवणाचंही नव्हतं. आदल्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत दोघं मोरीवर बसले होते आणि हा बाबा चकार शब्द बोलला नव्हता. म्हणजे त्या ग्रुपवरच्या पप्पू टेम्पोवाल्याला जे कळलं, तेच आणि तेव्हाच मारुतीला! आपण राजेंद्रचे कोण, हा प्रश्न भाऊंच्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला. चार दिवस ते मोरीकडं फिरकलेच नाहीत.

तरी रविवारी निघाले. झुंबरबाईंनी हुलग्याची शेंगोळी डब्यात भरली, भाऊंनी माकडटोपी घातली आणि मोटरसायकल दुधिवरे खिंडीतून कुडकुडत लोणावळ्याला पोचली.

"तू जा म्होरं," फाटकापाशी भाऊ म्हणाले. "मी हितंच हाये."

चाळीस वर्षांचा संसार. झुंबरबाई काय समजायचं ते समजल्या आणि डबा घेऊन आत गेल्या. भाऊ फाटकाकडं पाठ करून, हाताची घडी घालून शिस्तीत रुसून उभे राहिले.

पण इथं सगळंच वेगळं! पाहुणे हसतखिदळत शेजारून आत जात होते आणि भाऊंकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. मनवायला चुलता नाही, मामा नाही. तेवढ्यात एक मोटार थांबली आणि आतल्या मुलीनं काच खाली केली. "काका, गाडी कुठं लावू?"

झालं! रविवारी लोणावळ्यात माकडटोपी घालून रस्त्यात उभा राहिलेला माणूस पार्किंगवाला नाही तर कोण? भाऊ संतापले, पण गाडीचं चाक गटाराकडं निघालेलं बघून ओरडले, "आगं मागं घे, मागं! गटारात जाशील!" मग दुसरी आली, तिसरी आली. एकानं तर पावती मागितली. रुसवा एकीकडं आणि हातवारे एकीकडं, अशी भाऊंची तारांबळ उडाली.

मग रहदारी थांबली. अंगणातला गलकाही थांबला. लग्न लागलं वाटतं! आपल्यावाचून काही अडलं नाही!

"मारत्या, झालं का रुसून?"

मागं राजेंद्र उभा होता. पांढरा सदरा, वर स्वेटर, घाईत कॉलर अर्धी आत गेलेली.

"कोण रुसलंय? मी गाड्या लावतोय."

"समदी खोळंबल्यात तुझ्यापायी. चल."

"पप्पू हाय की आत. करा सुरू." आणि मग भाऊंच्यानं राहवेना. "मोरीवर बसलेलो तवा दातखीळ बसलेली व्हय रं तुजी? मोबाइलवर सांगतूस मला?"

राजेंद्र खाली बघत म्हणाला, "लय येळा तोंड उगडलं न् मिटलं. तू न्हाई म्हनला आसतास तर?"

"तर काय? माज्या न्हाईला कोन इचारतंय!"

"मी," राजेंद्र म्हणाला. "आकाश न्हाई म्हनला आसता, तरी मी लगीन केलं आसतं. तुजं न्हाई मला वलांडता आलं नसतं. म्हनून भ्यालो. आता इचारतो. करू का लगीन?"

जन्मभर लोकांनी भाऊंची मनधरणी केली, ती लवकर जेवायला बसावं म्हणून. असं खरोखरीचं कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि ज्याच्या होकारासाठी नवरदेव मांडव सोडून रस्त्यावर येतो, त्या माणसाला आता मागायला काही उरलंच नव्हतं.

"मी सांजच्याला कुनासंगं बसू रं?" ते कसंबसं म्हणाले.

"त्येचा लय इचार केला मारत्या. उत्तर न्हाई सापडलं."

खोटा दिलासा दिला नाही गड्यानं, आणि तेच भाऊंना भिडलं. त्यांनी माकडटोपी काढून खिशात कोंबली, पुढं होऊन मित्राची कॉलर नीट केली. "एकटा जेवतूस तवा कालवनात मीठ टाकायचं इसरतूस," ते म्हणाले. "कर लगीन. चल, मानसं थंडीत बसवून ठिवलीस."

आत गेल्यावर भाऊ पहिल्या रांगेत बसले नाहीत. शेकोटीपाशीही गेले नाहीत. राजेंद्रच्या मागं, अगदी हाताच्या अंतरावर उभे राहिले. बुद्धवंदना सुरू झाली. त्यांना ती येत नव्हती, तरी त्यांनी हात जोडले. उद्यापासून संध्याकाळी आपण एकटे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि लग्न लागलं तेव्हा सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.