थांबलेला हात

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी भंतेजी पेशंट तपासतात. ते आधी डॉक्टर होते, मग भिक्खू झाले, आणि आता दोन्ही आहेत. चीवरावर स्टेथोस्कोप पाहायची सवय मला अजून झालेली नाही.

परवा आईला घेऊन गेलो. त्यांनी तिचा गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला आणि बजावलं, "आई, आता खाली बसायचं नाही. गुडघे टेकायचे नाहीत." आईने मान डोलावली, गोळ्यांची पिशवी माझ्याकडे दिली आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्यासमोर गुडघे टेकून तीनदा वंदन केलं.

तिसऱ्या वेळी तिला उठताच येईना. भंतेजींचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. भिक्खूने बाईला हात लावायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण दोन मिनिटांपूर्वी याच हाताने गुडघा दाबला होता. शेवटी मीच तिला उठवलं. "मंगल हो," ते हळूच म्हणाले.

रिक्षात मी चिडलो. "नको म्हणाले होते ना?"

"ते डॉक्टर म्हणाले," आई म्हणाली. "पाया मी भंतेंच्या पडले."

तिचा काहीच गोंधळ नव्हता. मला मात्र तो हात अजून उलगडत नाही. पुढे कोण आलं आणि कोण थांबलं? आणि पहिल्याच वंदनाला त्यांनी तिला अडवलं का नाही?

पण अडवायला मीही होतोच की. तेवढा वेळ मी हात जोडून उभा होतो.