न केलेल्या प्रार्थनेचा पेढा

त्याने डबा पुढे केला आणि मी दोन पेढे उचलले. एक तोंडात टाकला, दुसरा बायकोसाठी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. तो म्हणाला, "साहेब, तुमची प्रार्थना लागू पडली बघा." तोंडात पेढा असल्यामुळे मला बोलता येईना, म्हणून मी नुसती मान हलवली, आणि ती हलली होकारार्थी. पेढा घशाखाली उतरला तेव्हा आठवलं, की मी ती प्रार्थना केलेलीच नव्हती.

मी मानकोलीला एका गोदामात डिस्पॅच बघतो. गाडी भरली की खोकी मोजायची, दार लावायचं, सील मारायचं, सीलचा नंबर लिहायचा, मग गेटपास द्यायचा. एक खोकं कमी असलं तरी मी गाडी सोडत नाही, मग ड्रायव्हर हिंदीतून माझ्या कितीही पिढ्या काढो. पेढे आणणारा आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा. तिशीतला, मूळचा वडप्याकडचा, बौद्ध घरातला, सध्या भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत भाड्याने राहणारा. मी ख्रिस्ती आहे आणि प्रार्थना करणारा आहे हे गोदामात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी ते कोणाला विसरू देत नाही. रविवारी चर्चमध्ये मी प्रार्थनेला उभा राहिलो, की मागच्या बाकावरची मंडळी मिटल्या डोळ्यांनी घड्याळ चाचपतात असं माझी बायको सांगते. आवाजही माझा मोठा. त्यात माझा दोष नाही. माझं बालपण लूमच्या भिंतीला लागून गेलं. आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात, आणि मी देवाशीही तसाच बोलतो, जणू त्याच्याही शेजारी चोवीस लूम चालू आहेत.

त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचं दुखणं याच आवाजात लपून राहिलं होतं. गल्लीत सगळे ओरडूनच बोलणारे, त्यामुळे पोरीला कमी ऐकू येतं हे वर्ष-दीड वर्ष कोणाला कळलंच नाही. लूमला सुट्टी होती त्या दिवशी आईने तिला साध्या आवाजात हाक मारली. पोर पाठमोरी बसली होती. चार हाका मारल्या, ती हललीसुद्धा नाही. मग ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर छोट्या ऑपरेशनने ऐकू येईल. नसच कमजोर असेल तर अवघड आहे. तपासणी करून बघू.

तपासणीच्या आदल्या दिवशी तो डॉकवर, गाड्या भरतात त्या फलाटावर, माझ्याकडे आला. आम्ही विहारात वंदना करतोच, पण तुम्हीही तुमच्या देवाला सांगा, म्हणाला. मी म्हटलं, "अरे, हे काय सांगायला पाहिजे? करतो ना प्रार्थना." आणि तसाच वळून एका ड्रायव्हरवर खेकसलो, कारण त्याने गाडी आडवी लावली होती. लोक जसं 'या एकदा घरी' म्हणतात, तसं मी 'करतो ना प्रार्थना' म्हणतो. म्हणताना मनापासून म्हणतो. अडचण त्यानंतर सुरू होते.

तर तपासणीत नस चांगली निघाली. पाणीच होतं. म्हणून पेढे. येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. पण डब्याचं झाकण लावता लावता त्याने आणखी एक सांगितलं. पोरीची आई भूल द्यायच्या विचाराने घाबरली होती. एवढ्याशा जिवाला झोपवतील आणि ती उठलीच नाही तर, म्हणत होती. कमी ऐकू आलं तरी चालेल, पण डोळ्यांसमोर राहील. चार दिवस ती ऐकायला तयार नव्हती. शेवटी यानेच तिची समजूत काढली होती. "मी म्हटलं, आमचे साहेब प्रार्थनेला बसलेत. नस चांगली निघाली का न्हाय? भुलीचं पण तेच बघतील. तवा कुठं हो म्हणाली."

म्हणजे एक आई आपलं लेकरू माझ्या भरवशावर टेबलावर निजवणार होती, आणि भरवसा ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

घरी आलो, बायकोपुढे पेढा ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटत होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तिने पेढा हातातही घेतला नाही.

"तुम्ही रिकाम्या गाडीला सील मारलंत," ती म्हणाली.

बावीस वर्षं मी तिला जेवताना गोदामाच्या गोष्टी ऐकवतोय. त्यातली एक तिने अशी नेमकी परत केली. मी युक्तिवाद केला. म्हटलं, आता खरं सांगितलं तर ती बाई पुन्हा नाही म्हणेल, ऑपरेशन राहील, पोरीचे कान जातील, सगळं माझ्या खरेपणापायी. त्यापेक्षा आजपासून जोरात प्रार्थना करतो, मागचं पुढचं भरून निघेल. हा हिशेब मला रस्त्यात, नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये सुचला होता आणि आवडलाही होता. बायको म्हणाली, ती बाई हो म्हणतेय ते तुमच्या खोट्यावर म्हणतेय. तिला खऱ्यावर हो म्हणू द्या, नाहीतर खऱ्यावर नाही म्हणू द्या. आणि पेढा कागदासकट फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्याशेजारी ठेवून दिला. पुढचे काही दिवस मी पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, की तो तिथून माझ्याकडे बघायचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. फोर्कलिफ्टवरच बसून डबा खात होता. मी आडवळणाने सुरुवात केली, विसराळूपणा, वय, कामाचा ताण. तो चपाती हातात धरून ऐकत राहिला. शेवटी सरळच म्हटलं, की तपासणीच्या वेळी मी प्रार्थना केली नव्हती. करतो म्हणालो आणि विसरलो.

त्याने डब्याचं झाकण लावलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "तिच्या आईला मी न्हाय सांगणार," तो म्हणाला. "तिला मी एकदा सांगून बसलोय. तुम्हीच या घरी."

संध्याकाळी मी आणि बायको गेलो. बायकोला मी सोबत म्हणून बोलावलं होतं. ती साक्षीदार म्हणून आली होती. गल्लीत लूम चालू. त्यांची खोली भिंतीला लागूनच, स्टीलचे पेले फळीवर थरथरत होते. पोरीच्या आईने आमच्यापुढे पाणी ठेवलं आणि माझ्याकडे अशा आदराने बघितलं, की मला दारातूनच परत फिरावंसं वाटलं.

कबुली हळू आवाजात द्यायची सोय त्या गल्लीत नाही. मी बसल्या जागेवरून खालच्या सुरात सांगितलं. तिने कानाला हात लावून "काय?" केलं. मी जरा मोठ्याने सांगितलं. ती नवऱ्याकडे बघू लागली. तिसऱ्यांदा मात्र मी चर्चमधल्या आवाजात सांगितलं, की वहिनी, मी प्रार्थना केलीच नव्हती. ते तिला ऐकू गेलं, समोरच्या दारातल्या दोन बायकांना ऐकू गेलं, आणि बाहेर बिडी ओढत बसलेल्या लूमच्या कारागिराने 'क्या हुआ चाचा?' म्हणून आत डोकावलं. ऐकू गेलं नाही ते फक्त कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेल्या मुलीला.

आईने आमच्यापुढचे पेले उचलून बाजूला ठेवले. मग विचारलं, "मग नस चांगली निघाली ती कोणामुळं?"

या प्रश्नावर मी चर्चमध्ये वीस मिनिटं बोललो असतो. तिथे मला एवढंच सुचलं, "देवामुळे. माझ्यामुळे नाही."

"म्हणजे तुमच्यावाचून त्याचं काम अडत न्हाय."

"नाही अडत."

माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसत होती, हे मला न बघताही कळलं. पोरीच्या आईने मात्र हसण्यावारी नेलं नाही. तिने उठून पोरीला जवळ ओढलं, तिचे केस कानामागे सारले, आणि म्हणाली, मग गुरुवारी जाऊ. माणसाच्या भरवशावर होते तोवर झोप येत नव्हती, असंही काहीतरी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आता आलाच हाव तर करा की. का परत घरी जाऊन करतो म्हणाल?"

मी उभा राहिलो. माझी नेहमीची प्रार्थना सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू होते आणि सर्व राष्ट्रांवरून फिरून यायला तिला वेळ लागतो. त्या खोलीत, पोरीच्या डोक्यावर हात ठेवल्यावर, त्यातलं एक वाक्य सापडेना. मी म्हटलं, प्रभू, हिला भूल देतील तेव्हा तू जागा राहा. हिला उठव. हिला ऐकू येऊ दे. आमेन. बस. आवाज चढवलाच नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा लूमच्या शेजारी मी हळू बोललो. लूमच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. ऐकणाऱ्याला ऐकू गेलं असणार याबद्दल मला तेव्हा शंका आली नाही, आजही नाही.

गुरुवारी तो रजेवर होता. मी कामावर. एरवी मी असा दिवस 'प्रार्थनेत घालवला' असं सांगतो, म्हणजे मनात आणि बराचसा चहाच्या टपरीवर. त्या दिवशी एक ठरवलं: गाडीला सील मारलं, की नंबर लिहायच्या आधी पोरीसाठी एक वाक्य. सकाळपासून जेवणापर्यंत अकरा गाड्या सुटल्या. अकरा वेळा मी डोळे उघडे ठेवून, हातात पेन धरून, एक एक वाक्य म्हटलं. एका ड्रायव्हरने विचारलं, काय पुटपुटताय शेठ? म्हटलं, तुझी खोकी मोजतोय. हे खोटं मी नंतर देवाकडे मान्य केलं.

ती सवय तेव्हापासून राहिली आहे. कोणी प्रार्थना करा म्हणालं, की मी आता 'करतो' म्हणत नाही. तिथेच, त्याच्यासमोर, एक वाक्य करून टाकतो. डॉकवर, रिक्षात, भाजीवाल्यापुढे. होय म्हणायचं तर ते होयच असू द्या, असं आमचा प्रभू सांगून गेला. मी ते शेकडो वेळा वाचलंय, पाठ म्हणून दाखवलंय आणि एकदा त्यावर बक्षीसही मिळवलंय. पण मला ते कळायला एक पेढा लागला. विश्वास म्हणजे फार उंचावर चढून करायची गोष्ट असं मी धरून चाललो होतो. तो तर रोजच्या कामात, दोन गाड्यांच्या मधल्या मिनिटात बसतो, आणि चांगला बसतो. दिवस सरळ जातो. डोकं कमी भरकटतं. देव जवळ असतो, त्याला हाक मारायला ओरडावं लागत नाही.

शनिवारी तो कामावर आला. फोर्कलिफ्ट चालू न करता सरळ माझ्याकडे. भूल उतरल्यावर पोर डोळे चोळत उठली होती. आई तिथेच होती, बाप दाराशी. बापाने नेहमीच्या सवयीने, गल्लीतल्या आवाजात, बाळा पाणी पिणार का, म्हणून विचारलं. पोरीने दोन्ही हात कानांवर ठेवले.

"म्हणाली, पप्पा, ओरडता कशाला?" एवढं सांगून तो खोक्यांकडे बघत राहिला. मीही खोक्यांकडेच बघत राहिलो. मोजायला काही नव्हतं.

मग त्याने पेढ्यांचा डबा काढला. या वेळी मी एकच उचलला, बायकोसाठी.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं, पोरीच्या वाक्यासकट. तिने नवा पेढा हातात घेतला, अर्धा तोडून तोंडात टाकला आणि डोळे पुसले. मग उठून फ्रिजमधला जुना, कडक झालेला पेढा काढला आणि बशीत घालून माझ्यापुढे ठेवला. मी तो निमूटपणे चावू लागलो. दात शाबूत राहिले, तीही कृपाच.

ती समोर खुर्चीवर बसली आणि पाय लांब केला.

"आता माझा गुडघा," ती म्हणाली. "नाताळपासून सांगतेय, आणि तुम्ही करतो म्हणालात. पेढा संपला की इथेच करा. डावा. उजवा बरा आहे, त्याच्यात वेळ घालवू नका."