धोंडाईच्या गुहेतला धूर

वाल्मीक मखमलाबादचा. दीड एकर जमीन, त्यात झेंडू, शेवंती आणि बांधाच्या कडेला मेथी. फुलं तो पिकवायचा आणि पंचवटीच्या बाजारात बसून ती विकायची त्याची बायको सगुणाबाई. वर्षातून पाच-सहा वेळा मात्र शेत तिच्यावर टाकून तो डोंगरात जायचा. शहरातलं एक गिर्यारोहण मंडळ कॉलेजच्या पोरांची शिबिरं भरवायचं. तिथला स्वयंपाक त्याच्याकडे होता.

कागदावर तो स्वयंपाकी. पण तंबू कुठं ठोकायचे हे त्याच्याशिवाय ठरत नसे. जागेवर पोचलं की पोरं पाठीवरची ओझी टाकून लोळायची आणि वाल्मीक वाकून जमीन बघत फिरायचा. ठसे, लेंड्या, बिळं, खरवडलेली झाडं. "आधी घरमालक कोण ते बघायचं," तो म्हणायचा, "मंग बिऱ्हाड मांडायचं." एकदा मे महिन्यात सगळे तंबू उभे राहिल्यावर त्याला दगडगोट्यांत टिटवीची चार अंडी दिसली. त्यानं सगळे तंबू उपटायला लावले. पोरं कुरकुरली. तो शांतपणे म्हणाला, "बाळंतिणीच्या खोलीत कुणी चूल मांडतं का?"

सगुणाबाईला त्याचं हे जाणं कधी आवडलं नाही. निघताना ती दर वेळी तेच विचारी, "रानातली जनावरं काय तुझ्या वळखीची हायेत?" आणि तो दर वेळी तेच सांगे, "माझ्या हातनं चूक व्हायची नाय." चौदा वर्षांत झालीही नव्हती. त्याच्या शिबिरात कुणाला विंचूसुद्धा चावला नव्हता.

पंचवटीतला महेश पहिल्यांदा शिबिराला आला तो १९९६ साली. तेव्हा तो मराठी घेऊन बी.ए. करत होता. वाल्मीकला याची मोठी गंमत वाटली.

"मराठी तर येतीच की तुला. मंग शिकतो काय?"

त्या दिवसापासून त्याचं नाव बीए पडलं, पास व्हायच्या आधीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेर ठेवलेल्या त्याच्या चपलेचे पट्टे गायब होते. कुणीतरी ते बारीक दातांनी कुरतडून नेले होते. वाल्मीकनं चप्पल उलटसुलट करून पाहिली.

"साळिंदर. त्याला घामाचं मीठ लागतं. चवीला बरा दिसतोस तू, बीए."

सगळे हसले. मग वाल्मीकनं स्वतःच्या वहाणा त्याच्या पुढ्यात टाकल्या आणि उरलेले दोन दिवस तो अनवाणी चालला. महेशनं परत करायला पाहिल्या, तर म्हणाला, "माझ्या पायाला साळिंदरसुद्धा दात लावायचं नाय."

पुढच्या वर्षी अंजनेरीच्या तळ्यावर दोघं सकाळी पाणी आणायला गेले होते. वाल्मीकनं एकदम त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं. समोरच्या काठावर बिबट्या पाणी पीत होता. मांजरासारखाच, जिभेनं, घाई न करता. महेशच्या हातातली कळशी दगडाला लागून किणकिणायला लागली. वाल्मीकनं ती काढून घेतली.

"पिऊ दे. त्याचा नंबर पहिला हाय."

बिबट्या निघून गेल्यावर बऱ्याच वेळानं महेशच्या लक्षात आलं, वाल्मीकनं आपलं मनगट घट्ट धरलंय आणि त्याचा तळवा ओलाचिंब आहे.

"दादा, तुम्ही घाबरला होतात?"

"मंग काय. रानात घाबरायचंच असतं. ज्याला भ्या वाटत नाय ना, त्योच चुकतो."

असं पाच वर्षं चाललं. दोघांच्या वयात वीस वर्षांचं अंतर, पण शिबिर नसलं तरी महेश सायकल काढून मखमलाबादला जायचा. वाफ्याच्या कडेला बसून त्याला कविता वाचून दाखवायचा. वाल्मीक फुलं तोडता तोडता ऐकायचा आणि मधेच विचारायचा, "हे लिहिणाऱ्याला शेत होतं का?"

२००१ च्या डिसेंबरात कळवणच्या पुढे धोंडाईच्या डोंगरावर शिबिर ठरलं. महेशला नुकतीच चांदवडला शाळेत नोकरी लागली होती. आईनं त्यासाठी धोंडाईला नवस बोलून ठेवला होता. निघताना तिनं त्याच्या पिशवीत धुपाच्या पाच कांड्या घातल्या. "देवीसमोर लावल्याशिवाय येऊ नको."

धोंडाईची गुहा कड्याच्या पोटात. वर कड्याला आग्या मोहोळाची सात पोळी लटकत होती, घोंगडी वाळत घातल्यासारखी काळी. वाल्मीकनं खालूनच ती मोजली. तंबू त्यानं लांब, ओढ्यापलीकडे ठोकायला लावले. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी खायची, डोक्याला वासाचं तेल लावायचं नाही, असं बजावलं. महेशनं पिशवीतला धूप दाखवला.

"नाय, बीए. हितं धूर नाय. माझ्या शेतातला झेंडू हाय, तो वाहा. देवीला चालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गुहेपर्यंत चढले. दर्शन झालं. गुहेच्या तोंडाशी वाल्मीकनं महेशच्या पिशवीकडे पाहून पुन्हा एकदा मान हलवली. "नको बरं." मग तो पोरांना घेऊन पायऱ्या उतरायला लागला. बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं महेश मागं राहिला.

आईचा शब्द होता. गुहा खोल होती. इतक्या आत लावला तर धूर बाहेर येतो कशाला, असं त्याला वाटलं. त्यानं पाचही कांड्या लावल्या, हात जोडले. थोडा धूर गुहेत साठला, बाकीचा सरळ वर चालला होता. छताला फट होती आणि ती वर कड्यापर्यंत गेली होती, हे त्याला माहीत नव्हतं.

आधी आवाज आला. लांबून ट्रक यावा तसा. मग खालून पोरांच्या किंकाळ्या.

वाल्मीकनं पोरांना सोबत आणलेल्या ताडपत्रीखाली घातलं, कडा दगडांनी दाबल्या आणि डोकी मोजली. एक कमी भरलं. तेव्हा तो खांद्यावरची घोंगडी डोक्यावर घेऊन पुन्हा पायऱ्या चढायला लागला. घोंगडीनं अंग झाकत होतं. तोंड झाकता येत नव्हतं, कारण तो हाका मारत होता. "बीए. ए बीए."

गुहेत शिरला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. माश्या धुरापर्यंत येऊन मागं फिरत होत्या. महेशला एकही चावली नव्हती. वाल्मीकनं त्या पाच कांड्यांकडे पाहिलं. महेश त्या विझवायला धावला, तर त्यानं हात धरला.

"आता विझवू नको. ह्या धुरानंच तू वाचलास."

"दादा, मी..."

"बस खाली. पोरं बरी हायेत."

त्यानं पाणी मागितलं. दोन घोट पोटात गेले, तिसरा बाहेर आला. त्यानंतर तो काही बोलला नाही. दुपारी माश्या पोळ्यांवर परतल्या. डोंगराखालच्या पाड्यावरची माणसं अंगाला पोती गुंडाळून वर आली, तोवर त्याचा श्वास थांबला होता.

"धूप कुणी लावला हितं?" एकानं विचारलं.

महेशनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"यानंच लावला असंल," दुसरा प्रेताकडे बघून म्हणाला. "पोराला इचारू नका. त्याला धसका बसलाय."

एवढंच झालं. महेश खोटं काही बोलला नाही. तो गप्प राहिला आणि मग सगळं आपोआप ठरत गेलं.

घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "धूप लावलास ना?"

"लावला."

"देवीनंच राखलं तुला," ती म्हणाली आणि तिनं त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

मंडळानं पत्रक काढलं. स्वयंपाक्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असं त्यात होतं. महेशनं ते चांदवडला शिक्षकांच्या खोलीत वाचलं. मग वर्गावर गेला. कविता शिकवायला पुस्तक उघडलं आणि घंटा होईपर्यंत ते तसंच हातात धरून उभा राहिला.

दीड महिन्यानं एका रविवारी सकाळी तो पंचवटीच्या बाजारात गेला. सगुणाबाई टोपल्यांमागं बसून झेंडूचा हार ओवत होती. शेजारी मेथीच्या जुड्या लावून वत्सलाबाई बसली होती. महेश सगुणाबाईसमोर उकिडवा बसला.

"घ्यायचं असंल तर घे बाबा," वत्सलाबाई म्हणाली. "गिऱ्हाईकाची वाट कशाला अडवतो?"

"आपला बीए हाय तो," सगुणाबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "ही मला रोज म्हणती, वाल्मीकचा फोटो लाव भिंतीला. नाय लावला मी. चौदा वर्षं मला सांगत होता, माझ्या हातनं चूक व्हायची नाय. आन गेला तो धूप लावून. बारक्या पोराला कळतं मोहळाखाली धूर करू नये."

"वहिनी," महेश म्हणाला, "धूप मी लावला."

सुई फुलात अडकली ती तिथंच राहिली. त्यानं सगळं सांगितलं. आईच्या कांड्या, गुहा, फट, पाड्यावरचा माणूस. सांगताना तो टोपलीतल्या फुलांकडे बघत होता.

हार मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "नको म्हणला होता तो?"

"हो."

"किती बारी?"

"दोनदा. एकदा खाली. एकदा गुहेच्या तोंडाशी."

"आन तरी तुला बघाया वर आला."

"हो, वहिनी."

तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला. वाल्मीक गेल्यापासून ती रडली नव्हती, हे वत्सलाबाईनं सगळ्या बाजाराला सांगून झालं होतं. आता तिचे खांदे गदगदायला लागले, तशी वत्सलाबाई जुड्या टाकून सरकली. "काय गं? काय म्हणला हा?"

सगुणाबाईनं तिला हातानं थांबवलं. डोळे पुसले. मग महेशकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. राग असला तरी तो त्याला ओळखता आला नाही.

"उठ," ती म्हणाली.

"वहिनी, मला तुम्ही काहीही..."

"मला सांगितलंस. मी काय करू त्याचं? उरात ठिवून बसू? हितं पंधरा बाया बसत्यात. रोज माझ्या माघारी त्याला येडा म्हणत्यात. त्यांना सांग. मंग मंडळात जाऊन सांग. मंग तुझ्या आईला."

"आईला नको, वहिनी. ती..."

"तिलाबी."

महेश उभा राहिला. बायका हातातलं सोडून बघायला लागल्या. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"वाल्मीकदादांनी धूप लावला नव्हता," तो म्हणाला. मागच्या ओळीतल्या एका बाईनं कानाला हात लावून विचारलं, काय म्हणतोय हा.

"मोठ्यानं," सगुणाबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.