हाजराचं चिकटपट्टीचं गाणं

हाजराला चार भाषांत गाता येत होतं, आणि चारही भाषांतल्या बायकांनी तिला वैताग आणला होता.

कोकणी तिच्या अंगातच होती. दाभोळच्या खाडीकाठच्या गावात तिची आई लग्नाची गाणी म्हणायची. उर्दू शाळेत झाली. ८३ साली क्रेन चालवणाऱ्या नवऱ्याने, सिराजुद्दीनने, तिला सौदीतल्या अल खोबरला नेलं, तेव्हा बिल्डिंगमध्ये खाली कालिकतची सुबैदा आणि समोर कैरोची सुआद राहत होती. एकीकडून मल्याळम आलं, दुसरीकडून अरबी.

तिथल्या लग्नांत बायकांचा हॉल वेगळा, गाणाऱ्याही बायकाच. एकदा उम्म नासिर नावाच्या बाईच्या मोठ्या मुलीच्या लग्नात ठरलेल्या गायिकेचा घसा बसला आणि सुआदने हाजराला पुढे केलं. पाठ केलेल्या अरबी गाण्याचा अर्थ तिला निम्माही कळत नव्हता. नवरीच्या आजीने भर गाण्यात तीनदा तिचे उच्चार सुधारले. तरी आमंत्रणं येऊ लागली. सिराजुद्दीन तिला गाडीने सोडायचा, बाहेर थांबायचा आणि परतताना रस्ताभर कुरकुरायचा.

पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं. मुलीच्या, मेहनाजच्या, जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर ती स्वतःची गाणी लिहायची, कोकणीत. ती कोणालाच नको होती. सुबैदाला मल्याळम हवं, सुआदला अरबी. रत्नागिरीकडच्या बायकासुद्धा म्हणायच्या, ते आपलं गावचं कशाला, सिनेमातलं म्हण. मेहनाजशी कोकणीत बोलावं तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची. हाजराने बोलणं सोडलं नाही, फक्त आवाज वाढवला.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या कुवेतमध्ये इराकी फौजा घुसल्या आणि लग्नं पुढे ढकलली गेली. जवळच्या धाहरानच्या विमानतळावर अमेरिकन विमानं दिवसभर उतरत होती. गावी निघून जावं म्हटलं, तर पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या सौदी मालकाकडे, आणि कफील जेद्दाला, फोन उचलत नव्हता. सिराजुद्दीनला विचारलं की तो म्हणायचा, बघू. पाच महिने तिने ‘बघू’ ऐकलं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं, शाळा बंद झाल्या. हाजराच्या घरातल्या आतल्या खोलीला एकच लहान खिडकी होती, म्हणून इराकी क्षेपणास्त्रांतून येऊ शकणाऱ्या विषारी वायूपासून बचावाची खोली म्हणून सगळ्या बिल्डिंगने तीच पसंत केली. तिला विचारलंही नाही. सिराजुद्दीनने खिडकीवर प्लास्टिक ताणून कडांना चिकटपट्टी लावली.

एका संध्याकाळी भोंगा वाजला. सिराजुद्दीन कामावर होता. सुआद, सुबैदा आणि तिची दोन मुलं ओले टॉवेल घेऊन आत आली. मेहनाजने दाराच्या फटीत फडकं कोंबलं. मुलं रडू लागली, तेव्हा सुआद म्हणाली, गा काहीतरी. अरबी गा. सुबैदा म्हणाली, मुलांना अरबी कुठे कळतं, मल्याळम गा. डोक्यावर क्षेपणास्त्र येत असताना दोघी त्यावरून भांडू लागल्या.

हाजराचा संयम सुटला. दोघींना कळेल अशा मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली, “गळा एकच आहे माझा. तो तुम्ही वाटून घेतलात. आता एकदा मला माझं गाऊ द्या.”

आणि तिने तिथल्या तिथे रचून, रागारागाने म्हटलं:

खिरकीला पट्टी लायली गो, दाराला पट्टी लायली,
शेजारणीच्या तोंडाला तेवढी लायची र्‍हायली.

बाहेर मोठा धमाका झाला, भिंत हादरली. ती थांबली नाही, इतकी चिडली होती. दुसऱ्या कडव्यात न फोन उचलणारा कफील आला, तिसऱ्यात ‘बघू’ म्हणणारा नवरा. चाल ठेक्याची होती, मुलं टाळ्या वाजवू लागली. सुआदने अर्थ विचारला. कोपऱ्यातून अकरा वर्षांच्या मेहनाजने इंग्रजीत एकेक ओळ समजावून सांगितली, शेजारणींची ओळसुद्धा. सुबैदा टॉवेलमध्ये तोंड घालून हसली आणि सुआदलाही आवरेना.

हाजरा मुलीकडे बघत राहिली. “तुला कलतं?”

“सगलंच कलतं, अम्मा,” मेहनाज कोकणीत म्हणाली. “वहीत माज्यावर लिवलंस, ता पन.”

धोका टळल्याचा भोंगा झाला तरी हाजरा तशीच बसून होती.

फेब्रुवारीअखेर युद्ध थांबलं. एप्रिलमध्ये उम्म नासिरच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि निरोप आला, ते खिडकीचं गाणं हवं. सुआद गावभर सांगून आली होती. मेहनाजने आधी शाळेत शिकलेल्या अरबीत अर्थ सांगितला, मग हाजरा गायली, आणि हॉलमधल्या बायकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. कोणीतरी कॅसेट भरून घेतली. त्यानंतर कुठल्याही लग्नात निदान एक गाणं ती आपलं म्हणायची, आणि कोणी हरकत घेतली तर ऐकू न आल्यासारखं करायची.

९३ साली ती सुट्टीवर गावी गेली. चुलतबहिणीच्या मेंदीला बायका तेच गाणं म्हणत होत्या. कॅसेट तिच्याआधी पोचली होती, नाव मात्र पोचलं नव्हतं. शेजारणीच्या जागी त्यांनी सासू घातली होती. हाजराने दुरुस्ती सांगितली.

“सासूच हाय ती,” एक म्हातारी म्हणाली. “पाठ न्हाय तं मागं बस.”

गाणं माझंच आहे, असं हाजरा म्हणाली. कोणी लक्ष दिलं नाही. ती मागे जाऊन बसली. दुसऱ्या कडव्यात त्यांनी कफीलचा दीर केला, तेव्हा मात्र ती उठली, बायकांच्या मधोमध जाऊन बसली आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्या आवाजात, गाणं सुरू केलं.