भाऊजींचा ओला रुमाल

आमच्या धाकट्या दिरांनी सूर्य उगवतो यावरसुद्धा आजवर पुरता विश्वास ठेवलेला नाही. रोज सकाळी गच्चीवर जाऊन खात्री करून येतात. लातुरात डाळमिलमध्ये चाळीस वर्षं त्यांनी माल पारखला. चिमूटभर डाळ ओल्या रुमालात चोळायची, रुमाल उजेडाला धरायचा आणि पिवळा डाग दिसला की निकाल द्यायचा, "रंग दिलाय!" पुढं मिल सुटली, रुमाल सुटला नाही. मटार, डाळिंबं, नव्या सुनेची मेंदी, कुणाची सुटका नाही. एकदा मतदानाला गेले आणि बोटावरची शाई अधिकाऱ्यासमोरच घासायला लागले. तो भडकला, तर त्यालाच म्हणाले, "रागावू नका सायेब, माल चांगला हाय तुमचा."

माझीही परीक्षा त्यांनीच घेतली. मला बघायला आले तेव्हा मी अठरा वर्षांची, स्वतःला रूपाची खाण समजणारी. खाण कसली, अर्धा डबा पावडर होती ती! त्यात उदगीरचा उन्हाळा. मी मोठ्या ऐटीत घाम टिपला आणि रुमाल पोह्यांच्या ताटलीशेजारी विसरले. मिलमध्ये नुकत्याच लागलेल्या या दिरांनी तो उचलून खिडकीकडं धरला आणि भावाच्या कानात, पण साऱ्या बैठकीला ऐकू जाईल असं सांगितलं, "दादा, माल पॉलिशचा हाय." त्या अपमानानं मी तीन दिवस अन्न सोडलं, असं पुढं कित्येक वर्षं सांगत असे. खरं म्हणजे पाव्हणे वळताच मी स्वयंपाकघरात बसून उरलेले पोहे संपवले होते.

जाऊबाई गेल्या तशी घरात भाऊजी आणि त्यांची नात, दोघंच उरली. मुलगा-सून नोकरीला पुण्यात. पोरगी लहानपणापासून आजोबांजवळच वाढलेली. अख्खं लातूर पोरांना डॉक्टर करायला क्लासला घालतं, तसं हिलाही घातलं. ती शिकली मात्र माशांचं, आणि मालवणला लोकांना समुद्रातले मासे दाखवायच्या नोकरीला लागली. ज्या गावानं दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्या गावची पोरगी समुद्रात! तिनं फोटो पाठवले तसे भाऊजी माझ्याकडं आले.

"वहिनी, ह्यात घोळ हाय. असला निळा देवानं कवा केलाय? मासे रंगवून सोडल्यात आन् लोकांना फसवायलेत. साक्षीला चला. रंग सुटला की पोरीला घरी आणायचं."

परतीची तिकिटं त्यांनी तीन काढली होती.

मालवणला होडीत नातीनं त्यांच्या डोळ्यांवर काच बसवली आणि हातात नळी दिली. "आबा, ही तोंडात धरायची नि तोंडानंच श्वास घ्यायचा."

"मग नाक काय शोभेला दिलंय?"

"वीस मिनिटं बंद ठेवायचं, आबा. बोलणं पण."

शेजारच्या होडीतून कुणी बिस्किटाचा चुरा टाकला, तसे मासे उसळले. भाऊजी मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बगा, खाऊ घालून गोळा केल्यात. सभेला गर्दी आणतात तशी." मग नळी तोंडात गेली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते गप्प झाले.

नातीचा हात धरून मीही उतरले, तोंड बुडवलं आणि चक्क नळीतून ओरडले. खाली भर दुपारी जत्रा भरली होती. हळदीसारखे पिवळे, त्यावर काजळाचे पट्टे ओढलेले. एक अर्धा जांभळा अर्धा केशरी, दोन लुगड्यांचे तुकडे जोडून शिवल्यासारखा. आणि सुईएवढ्या निळ्या माशांचा थवा तर माझ्या बांगड्यांना चाटून गेला. मला माझा पावडरचा डबा आठवला. इथं कुणी काहीच लावलेलं नव्हतं.

शेजारी भाऊजी रुमाल काढून एका पिवळ्या माशामागं लागलेले. नात पाण्यातूनच बोट हलवून नको-नको करत होती. मासा काही हाती येईना. शेवटी हे थकून निवांत तरंगायला लागले, तेव्हा तोच आपणहून आला, रुमालाला अंग घासलं, एक टोक चावून बघितलं आणि निघून गेला. त्यालाही रुमालाचा संशय आला असावा.

होडीत चढल्याबरोबर भाऊजींनी रुमाल उन्हाला धरला. एक बाजू पाहिली. मग दुसरी. पुन्हा पहिली. नात ओली निथळत, श्वास धरून उभी. रुमाल पांढरा स्वच्छ होता, तरी त्यांनी तो झटकून पुन्हा उजेडाला धरला. तेव्हा मला कळलं, उभ्या जन्मात पहिल्यांदाच भाऊजींना डाग हवा होता.

"काय निकाल, आबा?"

"पक्का हाय," ते म्हणाले. मग रुमाल पिळत, तिच्याकडं न बघता, "तू बी. ऱ्हा हितंच."

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "तिसरं माणूस कुठाय?" भाऊजींनी रिकाम्या सीटवर रुमाल पसरून ठेवला. लातूर येईतो तो वाळला, आणि त्यावर मिठाचा एक डाग उमटला. तो त्यांनी अजून कुणाला धुऊ दिलेला नाही.